पावसाळाभर उभं राहिलेलं विमान: दसऱ्याच्या उड्डाणाआधी या चुका टाळा

जूनमध्ये हँगरचं दार लावायचं ते थेट दसऱ्याला उघडायचं, असा आपल्याकडच्या हलक्या विमानांच्या बऱ्याच मालकांचा शिरस्ता आहे. त्यात चूक काही नाही. जुलैच्या पावसात एका इंजिनावर सह्याद्री ओलांडण्याची हौस नसलेलीच बरी. जेआरडी टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी टपाल घेऊन आलेलं पस मॉथ हे छोटं विमान जुहूला उतरवलं, तेव्हाही पाऊस सरलेला होता. पुढे पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात गेलं की टाटांच्या टपालसेवेला पुण्यात मुक्काम हलवावा लागे. घोटाळा होतो तो उड्डाण पुन्हा सुरू करताना. विमान उडालंच नाही म्हणजे त्याला झालंय काय, असं मालक धरून चालतो. उभ्या विमानाचं उडत्या विमानापेक्षा जास्त बिघडतं, आणि जे बिघडतं ते सहसा बाहेरून दिसत नाही.

“दर रविवारी दहा मिनिटं स्टार्ट करतो की!”

हे वाक्य प्रत्येक फ्लाइंग क्लबात ऐकू येतं, आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. तिचा काही भाग पिस्टनच्या रिंगांमधून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीत, उतरतो. इंजिन तासभर उड्डाणात तापलं तर ती वाफ ब्रीदरच्या नळीतून बाहेर निघून जाते. जमिनीवर दहा मिनिटं चालवून बंद केलं तर ती आतच गार होऊन तेलात मिसळते आणि ज्वलनातल्या आम्लांबरोबर पोलादावर बसून राहते. म्हणजे रविवारी तुम्ही इंजिन सांभाळलं नाही, त्याला थोडं पाणी पाजलंत.

लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनात याचा फटका कॅमशाफ्टला, म्हणजे टॅपेट ढकलून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, बसतो. तो क्रँकशाफ्टच्या वर असतो, त्यामुळे इंजिन बंद असताना त्याच्यावरचं तेल हळूहळू ओघळून जातं आणि दमट हवेत उघडं पोलाद गंजतं. पुढे इंजिन सुरू झालं की गंजलेल्या जागी टॅपेट घासतात, पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात आणि बारीक लोखंड तेलातून सगळीकडे फिरतं. लायकॉमिंगचा सल्ला असा की निदान 30 दिवसांतून एकदा सलग तासभर उड्डाण व्हावं आणि तेवढा वेळ तेलाचं तापमान 165 ते 200 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 74 ते 93 सेल्सिअस राहावं. जमिनीवर इंजिन चालवल्याने गंज कमी होण्याऐवजी वाढतो, असंही कंपनीने लिहून ठेवलं आहे.

उडता येणार नसेल तर इंजिनाला हातच लावू नका. जूनमध्येच इंजिनिअरकडून त्यात प्रिझर्वेटिव्ह तेल भरून घ्या, वरच्या स्पार्क प्लगांच्या जागी सिलिका जेलचे डिहायड्रेटर प्लग लावा, एक्झॉस्ट आणि हवेची तोंडं झाका. जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदलायचं. एवढं केलेलं विमान मी फार कमी हँगरांत पाहिलंय.

तेलबदलाचा मुहूर्तही बहुतेक जण उलटा काढतात. “आता नवं तेल कशाला, दसऱ्याला बदलू,” असं म्हणत जुनं, आम्लं भरलेलं तेल चार महिने आत ठेवायचं! तेल आधी बदला. लायकॉमिंगची मुदत फिल्टर असेल तर 50 तास किंवा चार महिने, जे आधी येईल ते, आणि आपला पावसाळा नेमका चार महिन्यांचा. ऑक्टोबरात उड्डाणं सुरू झाल्यावर पहिला फिल्टर लवकर काढून कापून बघा. घड्यांमधल्या चकचकीत कणांना लोहचुंबक लावा. चिकटले तर ते पोलाद आहे, आणि मग इंजिनिअरने पाहेपर्यंत विमान हलवू नये.

इंधनातलं पाणी

पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते टाकीच्या तळाशी बसतं. अर्धी टाकी ठेवल्याने आत दव धरतं, असं सगळे म्हणतात. त्यात तथ्य असेलही, पण माझ्या मते खरा चोर झाकणाचं सुकलेलं रबर सील आहे. उघड्यावरच्या विमानात पाऊस तिथूनच झिरपतो. सील स्वस्त असतं, दर पावसाळ्याआधी बदलावं.

पाणी तपासायला टाकीच्या तळातून इंधनाचं सॅम्पल काढताना दोन चुका हमखास होतात. पहिली, विमान ढकलत बाहेर आणून लगेच ड्रेन करायचं. ढकलताना पाणी ढवळलं जातं. म्हणून विमान हलवण्याआधी सॅम्पल घ्या आणि इंधन भरल्यावर 15-20 मिनिटं थांबून पुन्हा घ्या. दुसरी, एकाच ड्रेनवर भागवायचं. सेस्ना 172एसला ड्रेनच्या 13 जागा आहेत: प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. सगळ्या बघायच्या. आणि कपात सगळं एकसारखं स्वच्छ दिसलं म्हणून खूश होऊ नका, कप पूर्ण पाण्याने भरला असेल तरी तो असाच दिसतो. 100 एलएल, म्हणजे पिस्टन इंजिनाच्या विमानांचं पेट्रोल (अ‍ॅव्हगॅस), निळं असतं. पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघा, वास घ्या. कागदावर थेंब टाकला तर अ‍ॅव्हगॅस उडून जातं. तेलकट डाग राहिला तर त्यात एटीएफ, म्हणजे जेट विमानांचं इंधन, मिसळलंय. मोठ्या विमानतळांवर सगळीकडे एटीएफच, अ‍ॅव्हगॅस विचारलं तर माणूस तोंडाकडे बघतो. तेव्हा भरताना तिथे उभं राहणं भाग आहे.

आपल्याकडे बरंचसं अ‍ॅव्हगॅस पिंपांतूनच येतं. इंडियन ऑइलने 2022 मध्ये देशात तयार केलेलं 100 एलएल बाजारात आणलं, तरी क्लबांची पिंपं काही गेली नाहीत. पिंप पावसात उभं ठेवलं की वरच्या कडेत पाणी साचतं, आणि रात्री पिंप गार होताना आतली हवा आकसून ते पाणी बुचातून आत ओढलं जातं. पिंप आडवं ठेवा, दोन्ही बुचं इंधनाच्या पातळीखाली राहतील असं.

रोटॅक्स 912 इंजिन वाल्यांसाठी एक वेगळी सूचना. कंपनीची मान्यता 10 टक्के इथेनॉलपर्यंतच आहे, आणि आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल धरतं, ती जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला जातं. “गाडीला चालतं” हा युक्तिवाद इथे लागू नाही.

कुंभारमाशी, साळुंकी आणि उंदीर

कुंभारमाशीला पिटॉट नळीचं, म्हणजे विमानाचा हवेतला वेग मोजणाऱ्या नळीचं, भोक फार आवडतं. मातीचं घर करून बुजवायला तिला एखादा दिवसही पुरतो. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बिर्गेनएअरचं बोइंग 757 समुद्रात कोसळलं, 189 जण गेले. विमान त्याआधी काही आठवडे जमिनीवर होतं, पिटॉट झाकलेली नव्हती, आणि तपासात संशय गेला तो अशाच माशीवर.

झाकण लावलं नसेल तर नळी इंजिनिअरकडून साफ करून घ्या. तोंडाने फुंकू नका, एअरस्पीड इंडिकेटर (वेगाचा काटा) बिघडतो. इंधन टाकीत हवा घेणारं भोक, म्हणजे व्हेंटही बघा. तो बुजला तर टाकीत पोकळी धरून भरल्या टाकीनिशी इंजिन बंद पडतं. टेकऑफच्या धावेत वेगाचा काटा हललाच नाही तर तिथेच थ्रॉटल मागे घ्यायचा, वर जाऊन बघू असं म्हणायचं नाही. दसऱ्याच्या पूजेतला झेंडूचा हार पिटॉटला अडकवणारे उत्साही लोकही असतात, त्यांनाही आवरा.

साळुंक्या काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या आवरणात, काड्या भरतात. समोरच्या भोकातून टॉर्च मारून भागत नाही, काउलिंग उघडा. उंदीर वायरी कुरतडतात, आणि त्यांचं मूत्र अ‍ॅल्युमिनियम खातं, म्हणून सीटखाली आणि शेपटाकडच्या भागात वास आला तर फवारा मारून विषय संपवू नका.

रन-अपला आकडा जमत नाही तेव्हा

रन-अप म्हणजे उड्डाणाआधी जमिनीवर इंजिन तपासणं. प्लगांना ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन असतात. सेस्ना 152 मध्ये 1700 आरपीएमला एकेक मॅग्नेटो बंद करून तपासताना आरपीएममधली घट 125 पेक्षा जास्त नको आणि दोन्हींतला फरक 50 पेक्षा जास्त नको. एका मॅग्नेटोवर इंजिन खडखडत असेल तर बहुधा प्लगवर शिशाची काजळी बसलेली असते. मिक्श्चर थोडं लीन (इंधन कमी) करून 2000 च्या आसपास काही वेळ चालवा आणि पुन्हा तपासा. तरी फरक नसेल तर परत हँगरला. खडखड नाही पण घट मोठी, तर टायमिंगकडे बघावं लागेल. घट अजिबातच नाही, हे ऐकायला छान वाटतं, पण ती धोक्याची खूण आहे: स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहत असेल, आणि मग कुणी प्रोपेलरला सहज हात लावला तर तो फिरू शकतो.

याच 152 च्या कार्ब्युरेटरची दुसरी गंमत. नवे पायलट इंधन इंजेक्शनच्या 172एसवर शिकतात आणि बर्फ म्हणजे युरोपातली भानगड समजतात. कार्ब्युरेटरमध्ये हवेचं तापमान 30 अंशांहून अधिक उतरू शकतं, त्यामुळे ऑक्टोबरातल्या धुकट सकाळी कमी पॉवरवर खाली येताना बर्फ धरू शकतो. आरपीएम हळूच घसरला तर थ्रॉटल पुढे ढकलण्याआधी कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ, पूर्ण ओढा. बर्फ वितळताना इंजिन काही क्षण आणखी अडखळतं. घाबरून ती परत आत ढकलणं हीच चूक.

घाट आणि परतीचा पाऊस

पुण्याचं हवामान छान आहे म्हणून बोरघाट मोकळा आहे असं होत नाही. ढगाखालून डोकवायचा मोह आवरा. 1954 साली इलिनॉय विद्यापीठात 20 जणांवर झालेल्या चाचणीत उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्यांचा ताबा सरासरी 178 सेकंदांत सुटला होता. स्टँडर्ड रेटने मागे वळायला एक मिनिट लागतं, पण ते ढगात शिरण्याआधीचं मिनिट हवं.

पहिल्या उड्डाणाला घाट नकोच, पाहुणेही नकोत. एआरसी (विमान उडण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र), पायलटचं मेडिकल, विमा यांच्या तारखा आदल्या आठवड्यात बघून ठेवा, कारण एडीसी आणि एफआयसी हे उड्डाणाच्या परवानगीचे क्रमांक हातात आल्यावर मेडिकल सप्टेंबरातच संपल्याचं कळणारे दरवर्षी भेटतात. इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून तासभर धावपट्टीच्या ग्लाइड अंतरातच (इंजिन बंद पडलं तरी तरंगत परत येता येईल इतक्या जवळ) फिरा, म्हणजे तेलही पुरेसं तापेल. उतरल्यावर इंजिन बंद करण्याआधी रेडिओ 121.5 या आणीबाणीच्या लहरीवर लावून ईएलटी, म्हणजे अपघातात संकटाचा इशारा देणारा ट्रान्समीटर, चुकून सुरू झालेला नाही ना ते ऐका. मग काउलिंग काढून तेल कुठून झिरपतंय का ते बघा.