केबिन फ्रेम दोन-तीन मिलिमीटरने बसत नाही तेव्हा

झेनिथ सीएच ७५० सारख्या होमबिल्ट (किट आणून स्वतः जोडायच्या) विमानात केबिनची वरची फ्रेम ४१३० क्रोमोली पोलादाच्या नळ्या वेल्ड करून बनवलेली असते. ती बसते ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या फ्यूजलाजवर, म्हणजे विमानाच्या धडावर. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळ्या आत ओढतो. त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघाला तर घाबरायचं कारण नाही. कानस मात्र लगेच उचलू नका.

फ्यूजलाज दोन्ही दिशांनी लेव्हल करा आणि कर्ण मोजा. कर्णांतच फरक असेल तर दोष फ्रेमचा नाही.

बोल्ट छिद्रात अडकत असेल तर बहुधा पावडर कोटिंग आड येतं. बरोबर मापाचा रीमर (छिद्र आतून नेमक्या मापाला आणणारं हत्यार) हाताने फिरवा. वेल्डचा फुगवटा पत्र्याच्या कोपऱ्याला टेकत असेल तर वेल्ड घासायचा नाही, अजिबात नाही. पत्र्याचा कोपरा गोल कानशीने उतरवून कड गुळगुळीत करा. टोकदार खाच राहिली की तडा तिथूनच सुरू होतो.

खरा त्रास रुंदीचा. ‘क्लिको (रिव्हेटच्या छिद्रांत घालून पत्रे तात्पुरते धरून ठेवणारी स्प्रिंगची पिन) लावा, आपोआप ओढलं जाईल’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो वाईट आहे. ओढलं जातं, पण तो ताण नंतर रिव्हेटवर कायमचा बसतो, त्यात इंजिनाची थरथर मिळते आणि छिद्रं लांबट होऊ लागतात. कसोटी सोपी आहे: क्लिकोशिवाय, नुसत्या हाताच्या दाबाने फ्रेम जागेवर येत असेल तर ठीक. येत नसेल तर ती थंड अवस्थेतच ताणायची. दोन नळ्यांमध्ये आटे पाडलेला रॉड घाला आणि त्याच्या दोन्ही टोकांना, जोडांच्या जवळ, लाकडी ठोकळे द्या. नळीची भिंत जेमतेम ०.९ मिमी असू शकते. मध्यावर जोर दिला तर ती चेपेल. नट अर्धा फेरा फिरवा, सोडा, मोजा. ४१३० पोलाद परत उसळतं, म्हणून हव्या त्या मापाच्या किंचित पुढे न्यावं लागतं, पण दर वेळी थोडंच. काम झाल्यावर जवळचे सगळे वेल्ड डाय-पेनेट्रंटने (बारीक तडे दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) तपासा.

गॅसची टॉर्च लावून सरळ करू नका. उष्णतेने वेल्डजवळचा भाग ठिसूळ होऊ शकतो आणि फ्रेम दुसरीकडेच वाकते. पंख जिथे जोडले जातात त्या फिटिंगमधलं अंतर नकाशाशी जुळत नसेल तर काम थांबवून किट बनवणाऱ्याला विचारा. तिथे स्वतःची अक्कल चालवायची नाही.

उरलेल्या लहान फटीत शिम, म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी, घाला: त्याच मिश्रधातूचा पत्रा, पूर्ण फ्लँजभर (पत्र्याच्या दुमडलेल्या कडेभर), सगळ्या रिव्हेटखालून जाणारा. वॉशर नको, पुट्टी तर नकोच. शिमच्या जाडीएवढी रिव्हेटची ग्रिप (रिव्हेटने धरायची एकूण जाडी) वाढते, हे लक्षात ठेवून लांबी निवडा.

छिद्र भरकटलं तर कडेपासून अंतर आधी मोजा. छिद्राच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत किमान दोन व्यास हवेत. ५/३२ इंची रिव्हेटला म्हणजे सुमारे ८ मिमी. आठाच्या आकड्यासारखं झालेलं छिद्र मोठा रिव्हेट घालून झाकू नका, त्याबद्दलही आधी किटवाल्याला विचारा.

सगळं सुटं करा, बुर (छिद्रांच्या कडेला उरलेले धातूचे काटे) काढा, पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम टेकतात तिथे प्रायमर लावा, मग रिव्हेट मारा. विंडशील्ड कापायचं ते यानंतर, कर्ण पुन्हा मोजून झाल्यावर.