क्रूझचे आरक्षण, परतावा आणि प्रवास विमा : नाशिककरांनी पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे

माझ्या काकांनी दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचे आरक्षण केले होते. निघायला बावीस दिवस उरले असताना त्यांना छातीत दुखू लागले आणि गंगापूर रोडवरील एका रुग्णालयात दाखल करावे लागले. काका बरे झाले, परंतु भरलेल्या रकमेपैकी तीन चतुर्थांश रक्कम परत मिळाली नाही. सहलीच्या रकमेत विमा समाविष्ट आहे असे त्यांना सांगण्यात आले होते आणि ते खरेही होते. मात्र तो विमा परदेशातील उपचारांपुरता होता, प्रवास रद्द होण्याचा धोका त्यात नव्हता. त्यांची कागदपत्रे चाळताना माझ्या लक्षात आले की, परताव्याचा निकाल प्रवास रद्द करण्याच्या दिवशी लागत नाही. तो आरक्षणाच्या दिवशीच लागलेला असतो.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी रद्दीकरणाचे वेळापत्रक लेखी मागून घ्यावे. जहाज सुटण्याचा दिवस जसजसा जवळ येतो, तसतशी कापली जाणारी रक्कम टप्प्याटप्प्याने वाढते. बऱ्याच आधी रद्द केल्यास फक्त अनामत रक्कम जाते, नंतर निम्मी, पुढे पाऊण आणि अखेरच्या दिवसांत संपूर्ण भाडे जाते. टप्पे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात आणि दिवाळी किंवा नाताळच्या फेऱ्यांसाठी ते अधिक कडक असू शकतात. समजा, जहाज 20 डिसेंबरला सुटणार आहे आणि टप्पे 60, 30 व 15 दिवसांचे आहेत. तर 21 ऑक्टोबर, 20 नोव्हेंबर आणि 5 डिसेंबर या तारखा घरातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवाव्यात. दिवस जहाज सुटण्याच्या तारखेपासून मोजायचे की नाशिकहून निघण्याच्या तारखेपासून, हेही विचारून घ्यावे, कारण सहल कंपन्या पुष्कळदा दुसरी पद्धत वापरतात.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. आपण सहल कंपनीमार्फत आरक्षण करतो तेव्हा वेळापत्रके दोन असतात, एक जहाज कंपनीचे आणि दुसरे सहल कंपनीचे, आणि आपल्याला लागू होते ते आपण सही केलेल्या कागदावरचे. विमानाची तिकिटे वेगळी काढली असतील तर त्यांचे नियम तिसरे. शिवाय केबिनचे भाडे दोन व्यक्ती गृहीत धरून आकारलेले असते. त्यामुळे दोघांपैकी एकाने माघार घेतली तर उरलेल्या प्रवाशावर एकट्याच्या वास्तव्याचा अधिभार पडू शकतो. रद्द करण्याऐवजी नाव बदलून दुसऱ्या नातेवाइकाला पाठवता येते का आणि त्याची शेवटची मुदत कोणती, हे आधीच विचारलेले बरे.

प्रवास रद्द करायचा ठरल्यास तो त्याच दिवशी ईमेलने कळवावा आणि पोच मागावी. दूरध्वनीवर सांगितलेले पुरावा म्हणून टिकत नाही, आणि शनिवारी रात्री पाठवलेला संदेश सोमवारी मिळाला असे धरले गेले तर मधल्या दोन दिवसांत टप्पा ओलांडला जाऊ शकतो. आजारी माणूस वेळेत बरा होईल या आशेने थांबणे स्वाभाविक आहे. आम्हीही चार दिवस थांबलो. परंतु कारण कळल्यानंतर रद्द करण्यास उशीर केला, तर त्या उशिरामुळे वाढलेले शुल्क विमा कंपनी नाकारू शकते.

संपूर्ण भाडे बुडाले असे सांगितले गेले तरी बंदर शुल्क आणि सरकारी कर यांची चौकशी अवश्य करावी. प्रवासी चढलाच नाही तर अनेक आंतरराष्ट्रीय जहाज कंपन्या ही रक्कम परत करतात, मात्र सहल कंपनी ती आपणहून देईलच असे नाही. काकांना ती विचारणा केल्यावरच मिळाली. परदेशी सहलीच्या रकमेवर घेतलेला टीसीएस (पैसे भरतानाच वसूल होणारा आयकर) आपल्या पॅनवर जमा झाला असेल तर तो फॉर्म 26एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावे जमा झालेल्या कराच्या विवरणात, पाहून आयकर विवरणपत्रात मागता येतो. डॉलरमध्ये पैसे भरले असतील तर परतावा तो मिळण्याच्या दिवशीच्या विनिमय दराने येतो, त्यामुळे रुपयांतील आकडा थोडा वेगळा दिसेल.

जहाज कंपनीनेच फेरी रद्द केली तर क्रूझचे भाडे परत मिळते किंवा पुढील फेरीसाठी क्रेडिट देऊ केले जाते. क्रेडिटची रक्कम कधी कधी मूळ भाड्यापेक्षा जास्त असते, पण तिला मुदत असते आणि ती बहुधा दुसऱ्याला देता येत नाही. वयस्कर आई-वडिलांसाठी रोख परतावाच मागावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील बंदरातून निघणाऱ्या जहाजांसाठी तेथील फेडरल मेरिटाइम कमिशन या सागरी वाहतुकीच्या नियामक संस्थेने 2022 मध्ये नियम केला की, फेरी रद्द झाली किंवा प्रवाशांना चढवण्यास तीन दिवस वा अधिक विलंब झाला तर प्रवासी परतावा मागू शकतो. मुलांकडे अमेरिकेला जाऊन मायामीहून क्रूझ घेणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. वादळामुळे एखादे बंदर वगळले किंवा मार्ग बदलला, तर मात्र तिकिटाच्या करारानुसार भरपाईचा हक्क सहसा उरत नाही. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक फेऱ्यांचे मार्ग असेच बदलले गेले.

आता विम्याकडे येऊ. पॉलिसीच्या पहिल्या पानावरील मोठा आकडा बहुधा उपचारांसाठीचा असतो. शेंगेन व्हिसासाठी लागणारा किमान 30,000 युरोंचा विमाही वैद्यकीय खर्चाचाच आहे. आपण पाहायची ती ओळ प्रवास रद्द होण्याची आणि प्रवास अर्धवट सोडावा लागण्याची, आणि तिच्यासमोरील मर्यादा. माणशी दीड लाख रुपये भरले असताना ती मर्यादा पन्नास हजारांची असेल, तर उरलेला धोका आपल्याच माथी राहतो. पॉलिसीत क्रूझ समाविष्ट आहे की तिच्यासाठी वेगळा हप्ता आहे, हे लेखी विचारावे. विमा शक्यतो पहिली रक्कम भरताच घ्यावा. निघण्याच्या आदल्या दिवशी घेतलेला विमा रद्दीकरणाच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी असतो, आणि वादळाची बातमी आल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत ते वादळ धरले जात नाही.

रद्दीकरणाची भरपाई पॉलिसीत नमूद केलेल्या कारणांसाठीच मिळते. प्रवासी किंवा जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, नैसर्गिक आपत्ती ही त्यांतील नेहमीची कारणे होत. मन बदलणे, रजा न मिळणे किंवा व्हिसा नाकारला जाणे ही सहसा त्यांत बसत नाहीत. निफाड-पिंपळगाव भागातील द्राक्ष बागायतदारांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली म्हणून बाग सोडून जाता आले नाही, तर ते कारण साध्या प्रवास विम्यात चालत नाही. त्यांनी काढणी उरकल्यानंतरचीच तारीख घ्यावी. रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी हे सारे अर्जात खरेपणाने लिहावे. हप्ता वाढेल, पण लपवलेल्या आजारामुळे दावा फेटाळला गेल्यावर दाद मागायला जागा उरत नाही. गर्भवती महिलांनी हेही पाहावे की, प्रवास संपेपर्यंत चोविसावा आठवडा सुरू होणार असेल तर बहुतेक जहाज कंपन्या चढू देत नाहीत.

मुंबईहून निघणाऱ्या क्रूझसाठी आपल्याला आणखी एक धोका आहे, तो कसाऱ्याच्या घाटाचा. घाटात वाहतूक अडली किंवा रेल्वे विस्कळीत झाली तरी जहाज थांबत नाही, आणि चढण्याची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधी संपते. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाल्याने प्रवास सुकर झाला आहे, तरीही पुढे मुंबईतील गर्दी आहेच. पंचवटी एक्सप्रेसने त्याच दिवशी पोहोचण्याचा बेत आखण्यापेक्षा आदल्या रात्रीचा मुक्काम मुंबईत करावा. त्याचा खर्च बुडालेल्या भाड्याच्या तुलनेत किरकोळ आहे. जहाज भारतातील बंदरांमध्येच फिरणार असेल तर परदेश प्रवासाची पॉलिसी नको, देशांतर्गत प्रवासाची घ्यावी.

दावा करताना आरक्षणाच्या पावत्या, रद्द केल्याचा ईमेल, किती रक्कम कापली त्याचे सहल कंपनीचे पत्र, डिस्चार्ज कार्ड आणि प्रवास करू नये असे डॉक्टरांचे तारखेसह प्रमाणपत्र जोडावे. हे प्रमाणपत्र रुग्णालयात असतानाच घ्यावे, नंतर त्यासाठी खेटे घालावे लागतात. विमा कंपनीने तक्रारीवर 30 दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. सहल कंपनीने देय परतावा अडवला, तर प्रथम 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कंपनीचे कार्यालय कोठेही असले तरी ग्राहक जेथे राहतो तेथे तक्रार करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे.