अमेरिकन स्टर्लिंग चांदीवरचे ठसे कसे वाचावेत

अमेरिकेतल्या जुन्या चांदीवर सरकारी हॉलमार्क शोधत बसू नका, तो तिथे नसतोच. भारतात बीआयएसचं चिन्ह तपासणी केंद्रात कस पाहिल्यावरच उमटतं. इंग्लंडमध्येही ते काम शतकानुशतकं स्वतंत्र कचेऱ्या करत आल्या आहेत. अमेरिकेत बाल्टिमोर शहराने १८१४ ते १८३० या काळात अशी कचेरी चालवली, तो अपवाद. एरवी ठसा म्हणजे कारखानदाराने स्वतः दिलेली ग्वाही. म्हणून आधी शुद्धता वाचा, मग कारखाना, साल सगळ्यात शेवटी. ठशातलं सिंहाचं किंवा जहाजाच्या नांगराचं चित्र बघून सुरुवात केली की हमखास गफलत होते.

दहापट दाखवणारं भिंग घ्या आणि उजेड बाजूने, तिरपा पाडा. चमच्याचा ठसा दांडीच्या पाठीवर असतो, किटली-वाडग्याचा बुडाला, मेणबत्तीच्या स्टँडचा बहुतेक वेळा तळाच्या कडेवर. ठसा पुसट असेल तर त्यावर तोंडाची वाफ सोडा. वाफ विरत असताना अक्षरं क्षणभर उठून दिसतात. पॉलिशने घासू नका. प्रत्येक घासण्यात थोडी चांदी जाते आणि ठशाच्या कडा झिजतात.

शुद्धतेसाठी ‘स्टर्लिंग’ हा शब्द किंवा ९२५/१००० हा आकडा पाहा: हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुतांशी तांबं. टिफनी कंपनीने हे प्रमाण १८५१ मध्ये स्वीकारलं, गोरहॅम या कारखान्याने १८६८ मध्ये, आणि त्यानंतर ते देशभर रुळलं. त्याआधीच्या मालावर ‘कॉइन’, ‘प्युअर कॉइन’, ‘डॉलर’ किंवा ‘स्टँडर्ड’ असं लिहिलेलं सापडतं; ही नाण्याच्या कसाची चांदी, साधारण ९००. बाल्टिमोरच्या सॅम्युअल कर्कच्या जुन्या भांड्यांवर ‘१०.१५’ किंवा ‘११ ओझेड’ असे आकडे असतात. बारा औंसांच्या पौंडात १० औंस १५ पेनीवेट (औंसाचा विसावा भाग) चांदी, म्हणजे हजारात ८९६. ११ औंस म्हणजे ९१७. ती किंमत किंवा वजन समजून लोक सोडून देतात.

१९०६ च्या केंद्रीय कायद्याने खोट्या शुद्धतेचा ठसा गुन्हा ठरला. स्टर्लिंगला हजारात ४ भागांची सूट मिळाली आणि डागासकट, म्हणजे जोडकामाच्या धातूसकट, पूर्ण वस्तू तपासली तर १० भागांची, कारण डागाच्या मिश्रणात चांदी कमी असते. कारखान्याचं चिन्ह सोबत असलंच पाहिजे हे बंधन मात्र १९६१ च्या दुरुस्तीने आलं. त्यामुळे जुन्या चमच्यावर नुसतं ‘स्टर्लिंग’ असेल तर तेवढ्यावरून तो नकली ठरत नाही. कधीकधी कारखान्याऐवजी विकणाऱ्या दुकानाचंच नाव असतं.

‘ईपीएनएस’, ‘ए१’ आणि ‘क्वाड्रुपल प्लेट’ म्हणजे मुलामा. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी नाही. सर्वांत जास्त फसवतो तो ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ हा ठसा. १८४७ हा नावाचाच भाग आहे, वस्तूचं साल नव्हे, आणि माल मुलाम्याचा.

आता कारखाने. र्‍होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सचा गोरहॅम: सिंह, जहाजाचा नांगर आणि गॉथिक वळणाचा ‘जी’. नांगर हे त्या राज्याचं चिन्ह. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कचेरीचं चिन्हही नांगरच आणि इंग्रजी स्टर्लिंगवर सिंहही असतो, म्हणून गोरहॅमचा माल सर्रास इंग्रजी म्हणून खपतो. भिंगातून तिसरं चिन्ह नीट बघा: ‘जी’ आणि शेजारी पूर्ण ‘स्टर्लिंग’ शब्द असेल तर माल गोरहॅमचा. त्यांच्या सालाच्या खुणा वाचायला मजा येते. १८६८ ला ‘ए’, तिथून १८८४ च्या ‘क्यू’पर्यंत अक्षरं, आणि १८८५ ते १९३३ दर वर्षी वेगळं छोटं चित्र. १९४१ पासून चौकटीत आकडा: चौकोन म्हणजे चाळीसचं दशक, पंचकोन पन्नासचं, षटकोन साठचं. पंचकोनात ३ असेल तर १९५३. या खुणा मुख्यतः भांड्यांवर असतात. चमच्या-काट्यांवर त्यांची अपेक्षा धरू नका.

टिफनीच्या मालावर कंपनीच्या संचालकाच्या नावाचं अक्षर असतं. १८९१ पर्यंत एडवर्ड मूरचा मोठा ‘एम’, १९०२ पर्यंत ‘टी’, १९०७ पर्यंत ‘सी’, मग १९४७ पर्यंत लहान लिपीतला ‘एम’. शेजारचे आकडे घाटाचे आणि ऑर्डरचे क्रमांक आहेत, त्यात साल शोधू नका. रीड अँड बार्टनचा ठसा गरुड, ‘आर’ आणि सिंह. वॉलेसचा हरणाचं डोकं. टाउलचा ‘टी’मध्ये गुंफलेला सिंह.

‘पॅट. १८९५’ म्हणजे नक्षीच्या पेटंटचं साल. गोरहॅमची शॅन्टिली नक्षी १८९५ ची, पण पुढे अनेक दशकं ती बनतच राहिली.

शंका असेल तर घनता काढा. ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर चमचे कोरडे तोला. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा, आणि चमचे दोऱ्याने पूर्ण बुडतील पण बुडाला-कडेला टेकणार नाहीत असे लोंबकळत धरा. कोरडं वजन १२४.२ आणि पाण्यातला आकडा १२.० असेल तर पहिल्याला दुसऱ्याने भागून घनता १०.३५. स्टर्लिंग १०.२ ते १०.४ मध्ये येते, जर्मन सिल्व्हर ८.७ च्या आसपास. एकाच चमच्यावर ०.१ ची चूक फार पडते, म्हणून एका संचातले तीन-चार एकत्र घ्या. चिकटलेले बुडबुडे झटका. त्यांच्यामुळे आकडा वाढतो आणि खरी चांदीही हलकी ठरते. कॉइन आणि स्टर्लिंग यांतला फरक या पद्धतीने कळत नाही.

पोकळ वस्तूंना हा हिशेब लागू नाही. ‘वेटेड’ लिहिलेल्या स्टँडमध्ये पातळ पत्र्याच्या आत सिमेंट किंवा राळ भरलेली असते. सुरीची फक्त मूठ स्टर्लिंग, पातं पोलादाचं. अशा वस्तूंचा भाव एकूण वजनावर कधीच लावू नका.

वजन ग्रॅममध्येच घ्या. अमेरिकेत चांदीचा भाव ३१.१ ग्रॅमच्या ट्रॉय औंसाने सांगतात आणि स्वयंपाकघरातला काटा २८.३५ ग्रॅमचा औंस दाखवतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफ आता बहुधा १० ग्रॅमचा धरतात. एकूण ग्रॅमला ३१.१ ने भागा, ०.९२५ ने गुणा, आणि येईल त्यावर शुद्ध चांदीचा त्या दिवसाचा भाव लावा.