तुर्की प्राध्यापक मंडळी घरी चहाला येणार असतील तर

बर्लिनमध्ये विद्यापीठातल्या तुर्की मंडळींना घरी बोलवायचं तर आधी तारीख बघा. त्या दिवशी गालातासराय आणि फेनेरबाहचे या इस्तंबूलच्या दोन फुटबॉल संघांचा सामना असेल तर येतील सगळे, पण मोबाइलमध्ये डोकं घालून बसतील. रमजान असेल तर विचारून घ्या. कोणाचा रोजा आहे आणि कोणाचा नाही, हे आपण परस्पर ठरवायचं नाही.

आता चहा. त्यांची किटली दुमजली असते: खाली पाणी उकळतं, वरच्या भांड्यात पत्ती १५-२० मिनिटं मुरते. गेल्या खेपेला मी एकाच किटलीवर घर भरून माणसं बोलावली. पहिली फेरी संपली आणि सगळे रिकामे पेले हातात धरून स्वयंपाकघराकडे बघत बसले. तेव्हा दुसरी किटली आणा. उसनी आणा, पण आणा. कंबरेत बारीक असलेला तो काचेचा पेला जेमतेम १०० मिलीचा. चार-पाच कोणीही सहज रिचवतं. चमचा पेल्यावर आडवा ठेवला म्हणजे पुरे, तोवर ओतत राहायचं. दूध नको, आलं नको, अमृततुल्यचा हात जरा आवरा. आणि पहिली किटली अर्ध्यावर आली की दुसरी चढवा, संपल्यावर नाही!

खाण्याचं फार अवघड नाही. ऑलिव्ह, चीज मायबाखऊफरच्या बाजारात मिळतं, तो मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. सिमित (तीळ लावलेला कड्यासारखा पाव) मात्र त्याच सकाळचं घ्या, शिळं चावत नाही. जिलेटिनवाल्या गोळ्या टाळा, ते डुकराचं असू शकतं.

फोटो विचारल्याशिवाय काढू नका, कुठे टाकू तर मुळीच नका. जानेवारी २०१६ मध्ये तुर्कीच्या कुर्दी भागातल्या लष्करी कारवाईविरुद्धच्या निवेदनावर पहिल्या सह्या ११२८ प्राध्यापक-संशोधकांच्या होत्या. त्याच वर्षी जुलैत तिथलं लष्करी बंड फसलं आणि पुढे सरकारी हुकूमनाम्यांनी कित्येक प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, पासपोर्ट रद्द झाले. घरचे अजून तिकडेच असतात. कोणाला कोणाशेजारी दिसायचं नाही, ते आपल्याला कळत नाही. राजकारण आपण काढायचं नाही. ते काढतातच.

बाकी किरकोळ. बूट दारात निघतात, सपाता भरपूर ठेवा. तावलाचा, म्हणजे बॅकगॅमनचा, पट. साखरेचे चौकोनी खडे. रात्री १० नंतर आवाज कमी. दुसरी किटली, सांगितलंच आहे. निरोप दारात अर्धा तास चालतो, घाई करू नका. उरलेलं डब्यात भरून द्या. नको म्हणतील, तरी द्या.