सायनोबॅक्टेरियाचा अँटेना छाटायचाय? मग घाई करू नका

केळीच्या दाट बागेत दुपारी गेलात तर दिसेल, वरची पानं सगळं ऊन घेतात आणि खाली अंधार. फ्लास्कमधल्या सायनोबॅक्टेरियाचंही (उजेडावर जगणारे निळे-हिरवे जिवाणू) तेच, उजेडाकडच्या पेशी फायकोबिलिसोमनं, म्हणजे उजेड पकडणाऱ्या अँटेनानं, झेपेल त्याच्यापेक्षा जास्त उजेड ओढतात, जास्तीचा उष्णता म्हणून वाया जातो आणि आतल्या पेशी उपाशी. म्हणून अँटेनातल्या फायकोसायनिन या निळ्या रंगद्रव्याचे सीपीसी जीन काढायचे, म्हणजे अँटेना छाटला जातो आणि उजेड आतपर्यंत पोचतो.

सुरुवात सिनेकोसिस्टिस ६८०३ या सायनोबॅक्टेरियापासून करा. १९९६ पासून त्याचा पूर्ण जीनोम उपलब्ध आहे आणि तो डीएनए स्वतःच आत घेतो. पण आधी कॉलेजच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी घ्या, हे टाळू नका. सीपीसीच्या दोन्ही बाजूंचे ५००-७०० बेसचे तुकडे घेऊन मधे कॅनामायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जीनची कॅसेट बसवायची. बीजी-११ या वाढीच्या द्रवात ३० डिग्रीला वाढवायचं, आणि इथं आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ ला जातो, लाइटही जाते, त्यामुळे एसी खोली आणि बॅकअप नसेल तर हे काम हिवाळ्यातच धरा. ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.५ च्या आसपास आली की पेशी कमी द्रवात दाट करून डीएनए मिसळा, ४-५ तास मंद उजेडात ठेवा, मग प्लेटवर. आगर आणि बीजी-११ वेगवेगळे ऑटोक्लेव्ह करून मग मिसळा, कॉलनी बऱ्या येतात.

आता खरी गोष्ट. आठवड्या-दोन आठवड्यांत कॉलनी आली म्हणजे काम झालं असं अजिबात नाही भो, कारण एका पेशीत जीनोमच्या १० पेक्षा जास्त कॉपी असतात आणि त्यातली एखादीच बदललेली असते! कॅनामायसिन १० वरून २५, मग ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली करत परत परत स्ट्रीक करायचं, दर वेळी पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढून तपासणं) करायचा, मूळ सीपीसीचा बँड पूर्ण गायब होईपर्यंत. इथं कंटाळून सोडलं तर पुढचे सगळे आकडे खोटे येतात, मूळ कॉपी परत वाढते. सेग्रिगेशन, म्हणजे सगळ्या कॉपी बदलणं, पूर्ण झालं की निळसर हिरवा रंग जाऊन पिवळट हिरवा येतो, स्कॅनमधे ६२० नॅनोमीटरचा फायकोसायनिनचा उंचवटा बसतो आणि ६८० चा क्लोरोफिलचा राहतो.

मोजताना फक्त ओडीवर जाऊ नका, सुकं वजनही घ्या, आणि मूळ स्ट्रेनशी तुलना कडक उजेडात दाट कल्चरमधे करा. मंद उजेडात छाटलेला स्ट्रेन मागंच पडणार, त्याला तिथं पुरेसा उजेडच पकडता येत नाही.