हागेंती: नोंद वाचण्यापासून वर्तुळ आखण्यापर्यंत

'गोएशिया' या स्पिरिटांना बोलवण्याच्या जुन्या इंग्रजी मंत्रग्रंथातल्या 72 स्पिरिटांमध्ये हागेंती 48वा. स्पिरिट म्हणजे इथे भूत-वेताळ किंवा कुणाचा अतृप्त आत्मा नव्हे. हे पदे वाटून घेतलेले सरदार आहेत. हागेंतीचे पद प्रेसिडेंटचे, हाताखाली 33 पलटणी. तो येतो ग्रिफिनचे (गरुडाचे डोके आणि सिंहाचे धड असलेल्या काल्पनिक प्राण्याचे) पंख असलेल्या बैलाच्या रूपात आणि मग माणसाचे रूप घेतो. कामे तीन: माणसाला शहाणे करणे, सगळे धातू सोन्यात पालटणे, पाण्याची वाइन आणि वाइनचे पाणी करणे.

त्याला बोलवायचे तर सुरुवात मुद्रेपासून, म्हणजे त्याच्या खुणेच्या आकृतीपासून, करू नका; ग्रंथांतल्या नोंदीपासून करा. योहान वायर या डॉक्टरची 1577ची स्पिरिटांची लॅटिन यादी आणि रेजिनाल्ड स्कॉटचे 1584चे इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवा. तिथे हागेंतीच्या पलटणींचा आकडा दिलेलाच नाही; 'झगानइतक्या' एवढेच लिहिले आहे. झगान हा यादीतला दुसरा स्पिरिट. म्हणजे झगानची नोंद काढल्याशिवाय 33 हा आकडा हाती लागत नाही. ती काढलीत की लक्षात येते, झगानही पंखांचा बैलच, तोही पाण्याची वाइन करतो, शिवाय मूर्खाला शहाणा करतो. दोघांची गल्लत होते ती इथेच. फरक पदाचा: झगान राजाही आहे, हागेंती फक्त प्रेसिडेंट. पुढे बोलवण्याची वेळ आणि मुद्रेचा धातू पदावरच ठरतात, म्हणून ही चूक शेवटपर्यंत नडते.

हागेंती 'अंतर्गत परिवर्तन' घडवतो असे हल्ली सांगतात, पण हे शब्द जुन्या नोंदीत नाहीत. स्पिरिट म्हणजे माणसाच्या मेंदूचेच भाग, ही मांडणी इंग्रज गूढवादी अलिस्टर क्राउलीने 'गोएशिया'च्या 1904च्या आवृत्तीत केली आणि तिथून हा अर्थ रुजला. आम्हाला तो पटतो, कारण शहाणपण, सोने आणि वाइन ही तिन्ही कामे पालटण्याचीच आहेत. पण मूळ कुठले आणि मागून आलेले कुठले, हे वहीत वेगवेगळे लिहा.

प्रेसिडेंटच्या मुद्रेला ग्रंथ पारा सांगतो. साधा पारा उणे 39 अंशांच्या आसपास गोठतो, त्यामुळे घरात त्यावर काही कोरणे शक्यच नाही, आणि त्याची वाफ विषारी असते. जुने थर्मामीटर फोडून पारा जमवण्याचा उद्योग मुळीच करू नका. बाजारात 'बांधलेला पारा' म्हणून मिळतो त्यात दुसरे धातू मिसळलेले असतात. त्याच्याही वाटेला जाऊ नका. जाड कागद आणि नारिंगी शाई पुरते. पारा हा बुधाचा धातू, आणि गोल्डन डॉन या इंग्लंडमधल्या गूढविद्येच्या मंडळाच्या रंगपद्धतीत बुधाच्या स्थानाचा रंग नारिंगीच आहे.

मुद्रा काढताना एका केंद्रातून दोन वर्तुळे मारा, त्रिज्या 5 आणि 4 सेंटीमीटर. मधल्या पट्टीत नाव रोमन लिपीत येते. अक्षरे आठ (एच, ए, ए, जी, ई, एन, टी, आय), म्हणून आधी कोनमापकाने दर 45 अंशांवर खूण करा, मगच शाई लावा. नजरेच्या अंदाजाने लिहायला घेतले की पहिली चार अक्षरे ऐसपैस बसतात आणि शेवटच्या 'टी-आय'ची दाटी होते. आतली आकृती छापील प्रतीवरून ट्रेसिंग पेपरने उतरवा. ट्रेसिंग उलटा ठेवला तर डाव्याचे उजवे होते; इंटरनेटवर फिरणाऱ्या चित्रांत असे प्रकार दिसतात.

आता जागा. तुम्ही बसायचे वर्तुळ 9 फूट रुंद, त्यापासून 2 फुटांवर स्पिरिट जिथे येतो तो त्रिकोण, तो 3 फूट रुंद. तिन्ही बाजू 3 फुटांच्या धरल्या तर त्रिकोणाची उंची साधारण 2.6 फूट होते. बेरीज 13.6 फूट, म्हणजे 10 बाय 12च्या खोलीत हे सरळ मावत नाही. हॉल किंवा गच्ची बघा. साडेचार फुटांची न ताणणारी सुतळी घ्या, एक टोक मधोमध कुणाला तरी दाबून धरायला सांगा, दुसऱ्या टोकाला खडू बांधा. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि वर्तुळाची दोन टोके जुळत नाहीत. त्रिकोण स्पिरिटच्या दिशेला ठेवावा असे ग्रंथ म्हणतो, पण हागेंतीच्या नोंदीत दिशा दिलेली नाही. कुणी ठामपणे 'पश्चिम' म्हणाले तर आधार विचारा. दिशा तुम्हीच ठरवा, टिपून ठेवा आणि पुन्हा पुन्हा बदलू नका.

चंद्र 2, 4, 6, 8, 10, 12 किंवा 14 दिवसांचा हवा. आपल्याला हे सोपे आहे: दिनदर्शिकेत शुक्ल द्वितीयेपासून चतुर्दशीपर्यंतच्या सम तिथी पाहा. प्रेसिडेंटसाठी दिवसाची कोणतीही वेळ चालते. संधिप्रकाश टाळा; रात्री करायचे तर त्याच्यावरच्या राजाचे आवाहन लागते. नवशिक्यांनी सकाळच धरावी.

प्रश्न एकच, तोही आधी लिहिलेला. 'मला शहाणपण दे' हा प्रश्न नव्हे. 'या निर्णयात मी काय बघायचे टाळतो आहे?' हा प्रश्न आहे. मुद्रा छातीवर लावून वर्तुळात बसा. वीस मिनिटांत जे सुचेल ते न खोडता लिहा. वर तारीख, तिथी, वेळ नोंदवा. 

काही दिसले नाही, जाणवले नाही, तरी ग्रंथातला निरोपाचा मंत्र पूर्ण वाचा आणि त्यानंतरच वर्तुळाबाहेर पाय टाका. खडू ओल्या फडक्याने लगेच पुसा. गच्चीच्या सिमेंटवर तो रात्रभर राहिला तर डाग धरू शकतो.