थेम्स नदीखालून पायी: ग्रिनिचचा बोगदा कसा पाहावा

पेरण्या उरकल्या की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक आई-वडील मुला-लेकींकडे लंडनला जातात. तिथे राजवाडा आणि टॉवर ब्रिज दाखवला जातोच. पण थेम्स नदीच्या तळाखालून पायी जाणारा ग्रिनिचचा बोगदा बहुधा कुणी दाखवत नाही. त्यासाठी तिकीट लागत नाही आणि तो रात्रंदिवस खुला असतो.

चिकोडी-निपाणीकडच्या वाचकांना या बोगद्याचे कारण चटकन पटेल. दूधगंगा-वेदगंगेला पूर आला की कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात आणि समोर दिसणाऱ्या गावाला जाण्यासाठी लांबचा वळसा पडतो. ग्रिनिचला अडचण पुराची नव्हती. दक्षिण काठावर राहणारे कामगार उत्तरेकडील गोद्यांत कामाला जात आणि त्यांना नेणाऱ्या नावेचा दाट धुक्यात भरवसा नसे. उंच डोलकाठ्यांची जहाजे याच पात्रातून ये-जा करत असल्यामुळे साधा पूल बांधणेही सोपे नव्हते. नदीच्या वरच्या अंगाला १८९४ मध्ये झालेला टॉवर ब्रिज उघडता येईल असा करावा लागला तो त्याचमुळे. कामगारांचे पुढारी विल क्रुक्स यांनी पाठपुरावा केला, अभियंता अलेक्झांडर बिनी यांनी आराखडा केला आणि ४ ऑगस्ट १९०२ रोजी बोगदा खुला झाला.

माझ्या मते सुरुवात उत्तर काठावरून करावी. बँक नावाच्या स्थानकातून लुइशमकडे जाणारी डीएलआर (डॉकलँड्स लाइट रेल्वे, म्हणजे शहरातली हलकी रेल्वे) गाडी धरून आयलंड गार्डन्सला उतरावे. या गाडीला चालकाची खोली नसते, त्यामुळे पुढची जागा मिळाली तर नातवंडांइतकीच आजोबांचीही करमणूक होते. स्थानकापासून जवळच नदीकाठी छोटी बाग आहे. तिथे थोडे थांबावे, कारण समोरच्या काठावरील जुन्या नौदल महाविद्यालयाच्या जोड इमारती आणि त्यांच्या मधोमध मागे दिसणारा क्वीन्स हाउस हा जुना शाही महाल, असा देखावा याच बाजूने पाहायचा आहे. अठराव्या शतकात कानालेत्तो या चित्रकाराने तो रंगवला होता.

बागेतच लाल विटांची, काचेच्या घुमटाची गोल इमारत दिसते. तेच बोगद्याचे तोंड. आत लिफ्ट आहे आणि तिच्याभोवती गोल जिना उतरतो. उत्तरेकडे पायऱ्या नव्वदीच्या आत आहेत, दक्षिणेकडे शंभरच्या आसपास. लिफ्ट अधूनमधून बंद असते, म्हणून गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी निघण्यापूर्वी ती चालू असल्याची खात्री करून घ्यावी. खाली गेल्यावर ही चौकशी करून काही साधत नाही.

बोगदा सुमारे ३७० मीटर लांब आणि नदीच्या पातळीपासून जवळपास १५ मीटर खोल आहे. लोंढ्याच्या पुढे कॅसलरॉकच्या घाटातले रेल्वेचे बोगदे आपल्या परिचयाचे आहेत, पण ते डोंगर फोडून काढलेले. इथे ओतीव लोखंडाची कडी एकापुढे एक जोडून नळी तयार केली आहे आणि आतून काँक्रीट देऊन त्यावर सुमारे दोन लाख पांढऱ्या चकचकीत फरश्या बसवल्या आहेत. वाट मध्याकडे उतरत जाते आणि पुढे चढते. उत्तरेकडून शिरल्यावर सुरुवातीचाच एक तुकडा अरुंद आहे आणि तिथे फरश्यांऐवजी जाड पोलादी अस्तर दिसते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने झालेली हानी अशी दुरुस्त केली गेली. बहुतेक लोक तिथून भराभर पुढे जातात. तुम्ही मात्र पोलाद संपून फरश्या सुरू होतात त्या सांध्यापाशी थांबून पाहावे.

आत गारवा असतो, म्हणून उन्हाळ्यातही अंगावर शाल किंवा स्वेटर असू द्यावा. सायकल चालवण्यास मनाई आहे, तरी काही जण ती दामटतातच. लहान मुलांचा हात धरून एका कडेने चालावे. आवाज फार घुमतो आणि मुलांना ओरडून पाहण्याची हौस आवरत नाही, हेही गृहीत धरावे. सावकाश चालले तरी दहा मिनिटांत पलीकडचा जिना येतो.

वर आले की समोर १८६९ मध्ये बांधलेले कटी सार्क हे चहाची वाहतूक करणारे जहाज उभे आहे आणि टेकडीवर १६७५ मध्ये स्थापन झालेली वेधशाळा. टेकडीचा चढ नकोसा झाला तर जहाजापासून जवळच्याच कटी सार्क स्थानकातून परतीची डीएलआर मिळते, आणि तीही नदीखालूनच जाते. बोगद्यात स्वच्छतागृह नाही, त्यामुळे ती सोय आधीच उरकून घ्यावी.